मौन आणि अबोला

प्रिय ताई,

गेल्या महिन्यात मी पहिल्यांदाच विपश्यनेच्या, म्हणजे दहा दिवस मौन पाळून ध्यान करायच्या शिबिराला जाऊन आले. वय ४१, नोकरी करते. घरी नवरा, सासूबाई, चौदा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. शिबिरात दुसऱ्या दिवशी रडले, सहाव्या दिवशी तर बॅग भरून ठेवली होती, पण थांबले. शेवटच्या दोन दिवसांत जी शांतता मिळाली तशी आयुष्यात कधी मिळाली नव्हती. खरं सांगायचं तर तिथे मला घरची फारशी आठवणही आली नाही, आणि आता त्याचीच टोचणी लागली आहे.

परतले त्या संध्याकाळी मुलगी माझ्या मागे मागे फिरत शाळेतलं काहीतरी सांगत होती. टीव्ही चालू, फोनवर शेकडो मेसेज, सासूबाईंच्या तक्रारी. मी एकदम ओरडले, "जरा गप्प बसशील का!" ओरडताना छातीतली धडधड मला स्पष्ट कळत होती, तरी तोंड थांबलं नाही. नवरा म्हणाला, "दहा दिवस जाऊन हेच शिकलीस?" ते अजून मनातून जात नाही. सकाळ-संध्याकाळ तासभर ध्यानाला बसणं पाच दिवस जमलं, मग सुटलं. रात्री झोपही नीट लागत नाही. आता निदान शांतता टिकावी म्हणून मी घरात कमीच बोलते, तर सगळ्यांना वाटतं मी रुसले आहे. नवऱ्यानेही एकदा शिबिराला जावं असं फार वाटतं, पण तो विषय काढू देत नाही. कधी वाटतं, परत जावं, या वेळी महिनाभरासाठी. शिकले ते सगळं वाया गेलं का?

एक वाचक

प्रिय मैत्रीण,

वाया काही गेलेलं नाही. पण तुमचं पत्र वाचताना मला काळजी वाटली ती तुमच्या ओरडण्याची नव्हे. शांतता टिकावी म्हणून आता घरात कमी बोलते, असं तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मला तिथे थांबावंसं वाटलं.

न बोलण्याला आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, मौन आणि अबोला. मौन आपण आपलं पाळतो. अबोला कोणाशी तरी धरतो. समोरच्याला मात्र हा फरक दिसत नाही, त्याला एवढंच कळतं की ही माझ्याशी बोलत नाही. शिबिरात पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून आर्य मौन घेतलं होतं. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, नजरेला नजर द्यायची नाही. शेजारच्या आसनावरची बाई तुमच्याकडे न बघता निघून गेली तरी तुम्हाला लागलं नाही, कारण तिने काय स्वीकारलं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. तुमच्या घरात कोणालाच काही ठाऊक नाही. दहा दिवस आई नव्हती, आणि आता आहे तर बोलत नाही. नऊ वर्षांच्या मुलीने यातून काय समजायचं? शिबिरातलं मौनसुद्धा पुरतं बंद दार नव्हतं, हेही आठवून बघा. साधनेतली शंका आचार्यांना विचारता येत होती, काही दुखलंखुपलं तर धर्मसेविकेला, म्हणजे तिथल्या स्वयंसेविकेला, सांगता येत होतं.

विनयपिटक या भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. कोसल देशात एकमेकांचे चांगले परिचित असलेले काही भिक्खू वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, एका ठिकाणी राहिले. तंटा होऊ नये, तीन महिने सुखाने जावेत, म्हणून त्यांनी ठरवलं की एकमेकांशी बोलायचंच नाही. भिक्षेहून जो आधी येईल त्याने आसनं मांडायची, पाणी ठेवायचं. जो शेवटी येईल त्याने आवरून झाडून काढायचं. पाण्याचा घडा एकट्याला हलेना तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवायचं, पण तोंड उघडायचं नाही. असे तीन महिने पार पडले. मग ते श्रावस्तीला जेतवनात बुद्धांना भेटले आणि आम्ही फार सुखाने राहिलो असं त्यांनी सांगितलं. बुद्धांनी त्यांना शाबासकी दिली नाही. गुरांनी एकत्र राहावं, मेंढरांनी एकत्र राहावं, तसे तुम्ही राहिलात, असं ते म्हणाले आणि मुकेपणाचं व्रत घ्यायचं नाही असा नियमच घालून दिला. पवारणेची प्रथा याच प्रसंगातून सुरू झाली. वर्षावास संपला की प्रत्येक भिक्खूने संघासमोर बसून म्हणायचं, की माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा तशी शंका तुम्हाला आली असेल, तर माझ्यावर दया करून मला सांगा.

शिबिरातल्या मौनाला हा प्रसंग लावू नका. ते ठरावीक दिवसांचं, ठरावीक कामासाठीचं असतं, आणि दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, शिकवून सोडलंही जातं. पण आपल्यातली कितीतरी घरं कोसलातल्या त्या भिक्खूंसारखी चालतात. काम अडत नाही, भांडण होत नाही, खुणेने घडा उचलला जातो. ते घर शांत असतं. अशा शांततेसाठी तुम्ही दहा दिवस पहाटे चारच्या घंटेला उठला नव्हता.

आता, शेवटच्या दोन दिवसांत तुम्हाला मिळालेली शांतता कुठून आली तेही बघू या. तिचा एक भाग साधनेतून आला, यात मला शंका नाही. सुरुवातीचे तीन-साडेतीन दिवस नुसता श्वास, चौथ्या दिवसापासून अंगभर संवेदना, रोज दहा तासांच्या आसपास बैठक. एवढं करून मन निवळतं. पण दुसराही एक भाग आहे आणि तो कमी लेखू नका. दहा दिवस तुम्हाला कोणी हाक मारली नाही. कधी उठायचं, कधी जेवायचं, कधी झोपायचं हे घंटा सांगत होती. कोणाला काय हवं, काय संपलं, कोणाचं काय राहिलं, यातलं एकही तुमच्या डोक्यात नव्हतं. तुमचं ताट भरण्यासाठी पहाटेपासून काही माणसं राबत होती. ते धर्मसेवक म्हणजे आधी शिबिर केलेले जुने साधकच, आणि त्याचा एक पैसाही ते घेत नाहीत. ४१ वर्षांत सलग दहा दिवस इतरांनी तुमचं सगळं केलं, असं याआधी कधी झालं होतं?

म्हणून घरची आठवण आली नाही याचा अपराध मानू नका. मूल कडेवर घेऊन फार वेळ चाललं की हात बधिर होतो. त्याला खाली ठेवल्यावर आधी जाणवते ती हाताला मिळालेली मोकळीक. ओढ मागाहून येते. तुमची माया आटलेली नाही, तुमचा हात बधिर झाला होता.

याच कारणाने महिनाभर जाण्याचा विचार मला सध्या थांबवावासा वाटतो. एक तर ते लगेच शक्यही नाही. वीस दिवसांच्या शिबिरालासुद्धा आधीची दहा दिवसांची किमान पाच शिबिरं, सतिपट्ठान हे जुन्या साधकांचं शिबिर, सेवा आणि दोन वर्षांची घरातली रोजची साधना लागते, आणि तीस दिवसांचं त्याच्याही पुढे आहे. म्हणजे लांबच्या शिबिराची वाट तुमच्या घरातल्या त्या एका तासावरूनच जाते. आणि दुसरं असं, की तुम्हाला महिनाभराची साधना हवी आहे की महिनाभराची विसावण्याची जागा, हे तुमचं तुम्हीच तपासा. विसावा हवा असेल तर तो विसावा म्हणूनच मागा. दर रविवारी दुपारचे दोन तास मला कोणी हाक मारायची नाही, असं सरळ सांगा. बाईला विश्रांतीसाठी साधनेचं कारण द्यावं लागू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

ही साधना संसारी माणसांच्या हातून आपल्यापर्यंत आली आहे. सत्यनारायण गोयंका मंडालेत जन्मलेले, व्यापारी, बायको-मुलांचे. १९५५ मध्ये अर्धशिशीला कंटाळून ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन स्वतः ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते आणि नोकरी सांभाळून शिकवत होते. त्यांचे गुरू सया तेजी शेतकरी होते. पुढे १९६९ मध्ये गोयंका भारतात आले, आणि इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिरं होऊ लागली. तिघंही हिशेबातली, शेतीतली, बाजारातली संसारी माणसं होती. ते साधना करत होते तेव्हा त्यांच्या घरातलं काम कोणाच्या अंगावर पडत होतं, हा प्रश्न मला पडतो, आणि तुमच्या बाबतीतही तो विचारायलाच हवा.

आता त्या संध्याकाळकडे येऊ. अधिष्ठानाचा, म्हणजे अजिबात न हलता बसायचा तास आठवा. गुडघा पेटलेला, पाठ मोडलेली, आणि तरी पाय न हलवता तुम्ही बघत राहिलात. ते बघणं हीच तिथली शिकवण होती, शांतता तिच्यासोबत आली. तुम्ही लिहिता, ओरडताना छातीतली धडधड स्पष्ट कळत होती. शिबिराला जाण्याआधी आपण चिडलो होतो हे तुम्हाला कधी कळायचं? बहुतेक रात्री अंथरुणावर पडल्यावर, किंवा समोरचा रडायला लागल्यावर. या वेळी ते वाक्य तोंडात असतानाच कळलं. कळणं आणि थांबणं यांत अजून अंतर आहे, मान्य. पण दहा दिवसांत एवढंच होत असतं, आणि ते फार मोठं आहे. पुढच्या वेळी एखादा क्षण आधी कळेल, त्याच्या पुढच्या वेळी कदाचित कळणारही नाही. शिबिरातही नवव्या दिवशीची एखादी बैठक पाचव्या दिवसापेक्षा वाईट गेली असेलच.

तुमच्या नवऱ्याचं वाक्य लागणारंच होतं, कारण तोच प्रश्न तुम्ही स्वतःला विचारत होता. पण ते वाक्य बोलणारा माणूस दहा दिवस एकट्याने दोन मुलं, आई, घर आणि नोकरी सांभाळून उभा होता, आणि त्याचे दहा दिवस कसे गेले हे बहुधा त्याला कोणी विचारलं नाही. तुम्ही विचारलं का? पत्रात तसं काही दिसलं नाही म्हणून विचारते, दोष देत नाही. सासूबाईंच्या तक्रारी हाही त्यांच्या दहा दिवसांचा वृत्तांतच आहे. तो त्यांना दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने सांगता येत नसेल.

म्हणून माझा सल्ला असा, की तुमची पवारणा तुमच्या घरात करा. एका निवांत वेळी नवऱ्याला म्हणा, "मी गेले तेव्हापासून आजपर्यंत तुम्हाला माझं काय खटकलं ते सांगा. मी मध्ये बोलणार नाही." घरात अहो-जाहो नसेल तर अरे-तुरेत म्हणा, पण म्हणा. तो बोलेल तेव्हा तुमच्या घशाशी उत्तर येईल, कानशिलं तापतील, पोटात गोळा येईल. तेव्हा अधिष्ठानात बसल्यासारख्या बसा. बघत राहा, ऐकत राहा, पाय हलवू नका. त्याचं संपलं की लगेच खुलासा करू नका, रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी तुमचं सांगा. मला तिथे पहिल्यांदा मोकळं वाटलं, ते का वाटलं, आणि घरात मला काय हवं आहे. कमी बोलते ते रुसले म्हणून नाही, गोंगाट सोसवत नाही म्हणून, हेही सांगा. अबोल्याचा गैरसमज तुम्ही तोंड उघडल्याशिवाय जाणार नाही. एकदा सांगून झालं की मग अर्धा तास गप्प राहिलात तरी कोणी घाबरणार नाही.

त्याला शिबिराला पाठवायचा विषय मात्र पूर्ण सोडा. मी माझ्या पहिल्या शिबिराहून परतले तेव्हा बहिणीला फोनवर पाऊण तास अनित्य म्हणजे काय ते समजावत होते. ती नुकतीच तापातून उठली होती आणि ती कशी आहे हे मी विचारलंच नव्हतं. आठवलं की अजून लाज वाटते. तुमचा नवरा तुम्हाला रोज बघतो आहे. त्याला जायचं असेल तर तो तुमच्याकडे बघून विचारेल, आणि नाही विचारलं तरी तो वाईट माणूस ठरत नाही.

बसण्याबद्दल. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास ही जुन्या साधकांना दिलेली सूचना आहे आणि ती माझ्या अधिकारात मी कमी करणार नाही. पण दोन तास आणि शून्य यांच्यामधली सगळी जागा तुम्ही मोकळी सोडली आहे. सकाळचा तास जमत नसेल तर वीस मिनिटं बसा, पण रोज, एकाच जागी. मन फार उधळलं असेल तर संवेदनांच्या मागे न लागता नुसता श्वास बघा. हे श्वास बघणं, म्हणजे आनापान, पहिली पायरी असली तरी तिथे परतण्यात कमीपणा नाही, शिबिरातही तेच सांगितलं होतं. झोपण्याआधी पाच मिनिटं आणि जाग आल्यावर पाच मिनिटं अंथरुणातच बघण्याची सूचनाही तिथे मिळाली असेल. बहुतेक जण ती विसरतात. तुमच्यासारख्या घरात मला ती सगळ्यांत उपयोगी वाटते, कारण त्या वेळी तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही. आठवड्यातून एकदा जवळपास सामूहिक साधना होत असेल तर तिथे जा. एकट्याने न टिकणारा तास दहा जणांत टिकतो.

सतिपट्ठान सुत्त या बुद्धांच्या उपदेशात जागरूक राहण्याच्या जागांची एक यादी आहे. चालताना, मागे फिरताना, हात पसरताना, जेवताना, शौचाला जाताना, झोपताना, उठताना. तिच्या शेवटी दोन गोष्टी शेजारीशेजारी येतात, बोलताना आणि गप्प असताना. शिबिरात तुम्ही दुसरीचा भरपूर सराव केलात. पहिलीला तिथे दहाव्या दिवसाखेरीज वावच नव्हता, म्हणून ती कच्ची राहिली. तिचा सराव घरातच होणार. दिवसातून एकच संभाषण निवडा, सासूबाईंशी असेल तरी चालेल, आणि ते होईपर्यंत आपला श्वास कुठे आहे एवढं बघा.

पुढच्या वेळी जाल तेव्हा परतल्यावरचा पहिला दिवस रजेत धरा. फोन त्या रात्री उघडूच नका, ते मेसेज दहा दिवस थांबले होते, आणखी एक रात्र थांबतील.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. दोन-चार रात्री झोप उडणं, आवाज अंगावर येणं, विनाकारण रडू येणं हे शिबिरानंतर होऊ शकतं आणि हळूहळू ओसरतं. तुम्हाला येऊन आता बरेच दिवस झाले आहेत. झोप अजूनही येत नसेल, सगळं खोटं किंवा लांबचं वाटत असेल, अंगातले संवेदनांचे प्रवाह थांबत नसतील, भीतीचे झटके येत असतील, किंवा जुना एखादा आघात पुन्हा पुन्हा वर येत असेल, तर नेटाने बसत राहू नका. साधना थांबवा, शिबिरातल्या आचार्यांना कळवा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा, एकट्या राहू नका. आधीपासून काही औषध चालू असेल तर शांत वाटतंय म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नका. प्रवेशाच्या अर्जात मानसिक आजाराचा प्रश्न उगीच विचारलेला नसतो. मौनात सगळ्यांना एकच गोष्ट भेटत नाही. काहींना तिथे सोबत आणि उपचार दोन्ही लागतात, त्यात साधना कमी पडल्याचा प्रश्न येत नाही.

नवऱ्याशी बोलण्याआधी एक काम करा, आणि ते आजच करा. तुमच्या मुलीने दहा दिवस काहीतरी साठवून ठेवलं होतं. आई येईल, मग सांगेन, असं मनात धरून. ते सांगायला तिने सुरुवात केली आणि तुम्ही तिला गप्प केलंत. तेव्हापासून तिने तो विषय काढलेला नसेल, लहान मुलं काढत नाहीत. तिच्याजवळ बसा. मी ओरडले, ते चुकलं, एवढंच म्हणा, शिबिराचं काही सांगू नका. मग त्या संध्याकाळी ती शाळेतलं काय सांगत होती ते विचारा. कदाचित ती आधी "काही नाही" म्हणेल. उठू नका, तिथेच बसून राहा.